चोवीस अंशांचं झाड

काचेच्या दाराच्या फ्रीजमध्ये एक झाड होतं, त्याची मातीची कुंडी, तापमान मोजणारे दोन सेन्सर, चाळीस वॅटचे दोन बल्ब, जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेला तळहाताएवढा एक पंखा आणि दाराच्या कडेने चिकटवलेली पांढऱ्या दिव्यांची एक पट्टी. झाडावर एकशे सदतीस पानं होती. कुंडीत आणि फ्रीजच्या तळाला मिळून एकवीस पानं गळून पडलेली. त्यातली चौदा पिवळी आणि मऊ, सात अजून हिरवी आणि टणक. पिवळ्या पानांचं मला फारसं काही वाटलं नाही. हिरवी गळतात म्हणजे झाडाचं खरंच काहीतरी बिनसलंय. फूल नव्हतं, कळीही नव्हती.

फ्रीज दुकानात थंड पेयांच्या बाटल्या ठेवायला असतो तसला. दुकानदाराने भंगारात काढलेला बाबांनी घरी आणला, त्याच्या फळ्या काढल्या, आणि आमच्या बाहेरच्या खोलीत, सोफ्याच्या शेजारी उभा केला. उन्हाळ्यात त्याचा कॉम्प्रेसर चाले, हिवाळ्यात बल्ब पेटत. बारा महिने आत चोवीस अंश. बाहेर ऊन असो नाहीतर कडाक्याची थंडी असो, आतला आकडा हलत नसे. बाबा त्याच सोफ्यावर झोपत. आतल्या खोलीत चांगला पलंग होता, पण तो आईचा होता, आणि त्या खोलीचं दार आई गेल्यापासून लावलेलंच असे.

झाड जेडचं. जाड, गोलसर, नाण्यासारखी पानं, बुंधा म्हाताऱ्या माणसाच्या मनगटाएवढा. आईने ते माझ्या जन्माच्या आधी कुणाच्या तरी घरून एक फांदी आणून लावलं होतं. पूर्वी ते बाहेर, जिन्याच्या वळणावर असायचं. तिथल्या खिडकीची एक काच फुटलेली होती आणि हिवाळ्यात तिथून इतकं गार यायचं, की वर येणारी माणसं तेवढ्या सहा पायऱ्या पळत चढायची. आई झाडाला पाणीही विसरायची. तिचं त्याच्याकडे लक्ष असं नसायचंच. तरी दर हिवाळ्यात, ऐन थंडीत, ते बारीक पांढऱ्या चांदण्यांनी भरून जायचं. शेजारी विचारायचे, काय घालता हो झाडाला. आई म्हणायची, शिव्या.

आई गेली त्याच वर्षी जिन्याच्या त्या कोपऱ्यात लिफ्ट बसली. झाड घरात आलं. मग फ्रीज आला. त्यानंतरच्या तिन्ही हिवाळ्यांत एकही फूल आलं नाही.

बाबा बत्तीस वर्षं शीतगृहात ऑपरेटर होते. त्यांच्या कामाचा सगळा धर्म एका वाक्यात सांगायचा तर, तापमान हललं की माल गेला. किती अंश हवेत ते मालावर ठरतं, पण एकदा ठरलं की ठरलं. त्यांच्याबरोबरची माणसं त्यांना ‘अर्धा अंश’ म्हणायची, कारण अर्धा अंश फरक पडला तरी ते जेवण टाकून उठायचे. आई गेल्यावर कुणीतरी त्यांना म्हणालं, आता हे झाड तेवढं जपा. बाबांनी ते मनावर घेतलं, आणि त्यांना जपायची एकच रीत येत होती.

माझं शिक्षण वनस्पतिशास्त्राचं. नोकरी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत, म्हणजे शिक्षणाचा आणि पोटाचा फारसा संबंध नाही. पण पानं मोजून झाल्यावर मी माझी जुनी पुस्तकं काढली, दोन-तीन माळ्यांना फोन केले, आणि जे मला आधीच ठाऊक होतं तेच सगळ्यांनी सांगितलं. या जातीच्या झाडाला उन्हाळ्यात उबदार लागतं, वीस ते पंचवीस. पण हिवाळ्यात त्याला विश्रांती हवी असते. रात्री दहा-बारा अंश, पाणी अगदी कमी, मोकळी हवा. पाचाच्या खाली जाऊ द्यायचं नाही, एवढंच पथ्य. थंडी मिळाली नाही तर ते फुलत नाही, नुसतं लांबट वाढत राहतं. आणि बंद काचेत, वर्षानुवर्षं, एकाच उबेत ठेवलं तर हळूहळू थकतं. आमचं झाड थकलं होतं.

त्या रविवारी मावशी आली. मावशी आईची धाकटी बहीण, शाळेत गणित शिकवते, आणि बाबांची थट्टा करायचा हक्क तिने लग्नाच्या दिवसापासून सोडलेला नाही. आल्या आल्या तिने चप्पल काढली, फ्रीजसमोर उभी राहिली आणि विचारलं, “काय भावोजी, पेशंटला भेटायची वेळ किती ते किती?”

“दार उघडू नकोस,” बाबा म्हणाले. “ऊब जाते.”

“नाही बाई, मी काचेतूनच नमस्कार करते.”

बाबा हसले. ते मावशीसमोरच हसत. मग ते इस्त्रीचे कपडे आणायला खाली गेले आणि मी मावशीला स्वयंपाकघरात नेऊन पानांचा हिशेब सांगितला. थंडीचं सांगितलं. आजच बाबांना सांगते, म्हटलं, या हिवाळ्यात झाड बाहेर काढलं तर अजून वाचेल. ठेवायला जागाही एकच होती. जिना गेला, बाहेरच्या खोलीला आणि स्वयंपाकघराला दिवसभर ऊन. सावलीची, गार वाऱ्याची खिडकी घरात एकच, आईच्या खोलीतली.

मावशी चहाचा कप विसळत होती. विसळून झाला तरी तिने नळ बंद केला नाही.

“नको सांगू,” ती म्हणाली.

मी का म्हणून विचारलं.

“तू तेव्हा परीक्षेला गेली होतीस. शेवटचा महिना मी इथे होते.” तिने नळ बंद केला. “ताईला दम लागायचा ना, तेव्हा ती रोज म्हणायची, खिडकी उघडा. रोज. बोटभर उघडा, म्हणायची, मी काही पळून जात नाही. भावोजी म्हणायचे, बरी झालीस की उघडू. खोलीत हीटर लावलेला, अंगावर दोन रजया. चोवीस अंश होते, मला पाठ आहे. दर तासाला बघायचे.”

“नर्सनेच सांगितलं होतं ना, गार वारा लागू देऊ नका म्हणून?”

“सांगितलं होतं. जाता जाता, दारात चपला घालताना. सगळ्यांनाच सांगतात तसं.” मावशीने कप पालथा घातला. “आता तू जा आणि त्यांना सांग, की झाडाला थंडीच हवी होती. काय ऐकतील ते बघ.”

झाड वेगळं आणि माणूस वेगळं, असं मी म्हणाले. माणसाचं शरीर स्वतःचं तापमान स्वतः राखतं, झाडाचं तसं नसतं, दोन्हींची तुलनाच होत नाही.

“हे मला नको शिकवू, शास्त्रीणबाई. मला कळतं. त्या माणसाला झोप यायला लागूनच आत्ता वर्ष झालं असेल.”

म्हणून मी सांगितलं नाही. मी वेगळा मार्ग काढला, आणि तो मला त्या वेळी हुशारीचा वाटला. फ्रीजच्या खाली, जाळीमागे, थर्मोस्टॅटचं, तापमान ठरवायचं, बटण होतं. रोज अर्धा-अर्धा अंश खाली आणायचं. एकदम नाही. महिन्याभरात बारापर्यंत पोचू. झाडाला सवय होईल, पानं गळायची थांबतील, आणि बाबांना वाटेल त्यांच्याच जपण्याने सुधारलं. वर जो आकडा दिसायचा तो मी दारावर कॅलेंडर टांगून झाकला. पहिला अर्धा अंश मी सोमवारी सकाळी, ते आंघोळीला गेले असताना खाली आणला. दुसरा मंगळवारी.

मंगळवारी संध्याकाळी घरी आले तर बाबा जमिनीवर बसले होते. समोर भांड्यात बर्फाचा चुरा आणि पाणी, त्यात सेन्सर बुडवलेला. बर्फ आणि पाणी एकत्र असलं की ते शून्य अंशाला असतं. सेन्सर बरोबर आहे का हे बघायची ती सगळ्यात साधी आणि खात्रीची पद्धत. दोन्ही सेन्सर शून्यच दाखवत होते.

त्यांनी आकडा पाहिलाच नव्हता. त्यांनी ऐकलं होतं. बल्ब पेटताना आणि विझताना आत बारीक टिक असा आवाज होतो. दोन टिकांमधलं अंतर वाढलं होतं. सोफ्यावर पडल्या पडल्या त्यांच्या ते ध्यानात आलं. मग त्यांनी कॅलेंडर बाजूला केलं, तेवीस पाहिलं, आणि सेन्सर काढून तपासले.

“सेन्सर चांगले आहेत,” ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. “म्हणजे हात माझाच लागला. मी बटण फिरवलं आणि मला आठवत नाही.”

“बाबा—”

“दादाचंही असंच सुरू झालं होतं. आधी गॅस. मग घराची किल्ली.” दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, माझे काका, ज्यांनी शेवटी शेवटी बाबांनाच विचारलं होतं, आपण कोण. “तू घरात आहेस ते बरं आहे. उद्यापासून गॅस तूच बघ.”

आता गप्प बसणं शक्यच नव्हतं. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सांगितलं की बटण मी फिरवलं. काल अर्धा अंश, आज अर्धा.

आधी त्यांचे खांदे खाली आले. सुटकेने. मग त्यांनी विचारलं, “का?”

मी सांगितलं. शीतगृहात नवीन इंजिनिअर आला की बाबा त्याचं बोलणं मान थोडी खाली घालून ऐकत, तसंच त्यांनी ऐकलं. मध्ये एकदाच बोलले, की थंडीने पेशी फुटतात. मी म्हणाले, शून्याच्या खाली फुटतात, आत बर्फ झाला तर. बारा अंशाला काही होत नाही. उलट बारा लागतात त्याला.

“बाराला काही होत नाही,” ते म्हणाले. भांड्यातला बर्फ विरघळत आला होता. त्यांनी सेन्सर बाहेर काढले, एकेक करून शर्टाला पुसले.

“बटाटे चार अंशाला ठेवायचो आम्ही,” ते म्हणाले. “सफरचंदं एकाला. जिवंत माल. श्वास घेतो तो, नवीन पोराला पहिल्या दिवशी मीच सांगायचो, कोंडून मारू नका, हवा फिरू द्या. बत्तीस वर्षं सांगितलं.”

मी म्हणाले, घरातल्या झाडाच्या बाबतीत ते कुणालाही सुचलं नसतं.

“सुचलं होतं,” बाबा म्हणाले. “पहिल्याच हिवाळ्यात सुचलं होतं. पण मग खिडकी उघडावी लागली असती.”

मावशीला दिलेलं उत्तर मी त्यांनाही दिलं. झाड वेगळं, माणूस वेगळं. शरीर उष्णता कशी तयार करतं, कशी राखतं, सगळं सांगितलं. आजारी माणसाला गार हवा बाधते असं डॉक्टरही म्हणतात, असंही म्हणाले, जरी कुठल्या डॉक्टरने ते मोजून पाहिलंय हे मला माहीत नव्हतं. बाबांनी मान डोलावली. माल चांगला आहे असं सांगणाऱ्या व्यापाऱ्यापुढे ते जशी मान डोलवत, तशी.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर आईच्या खोलीचं दार उघडं होतं. खिडकीची चौकट रंगाने चिकटून बसली होती, ती त्यांनी पातळ पात्याने कडेकडेने सोडवली होती. रंगाचे कपचे वर्तमानपत्रावर गोळा करून ठेवलेले. झाड खिडकीच्या ओट्यावर होतं आणि खिडकी बोटभर उघडी होती. बाहेरच्या खोलीतला फ्रीज बंद केलेला. तो बंद झाल्यावर घर किती शांत आहे ते पहिल्यांदा कळलं, आणि ती शांतता काही फार चांगली वाटली नाही. बाबा टीव्ही लावून बसले होते. बघत नव्हते.

पुढचे दिवस नीट गेले, म्हणजे निदान झाडाचे. मी रोज सकाळी ओट्यावरचं थर्मामीटर वाचायची. दहा, अकरा, एकदा नऊ. हिरवी पानं गळायची थांबली. कडांना थोडी लाली आली, ती या झाडात थंडीची चांगली खूण असते. मी हे जेवताना बाबांना सांगितलं. ते बरं म्हणाले आणि मीठ मागितलं. मग जेवण अर्धं ठेवून उठले. वजन उतरत होतं त्यांचं, ते मी काही मोजलं नाही, पण पट्ट्याला त्यांनी खिळ्याने नवीन भोक पाडलं होतं.

मावशी पुढच्या वेळी आली तेव्हा तिने आईच्या खोलीच्या दारातून खिडकी पाहिली. तिची थट्टा ओठांवर आली असावी, कारण तिचं तोंड उघडलं. पण तिने नुसती शाल घट्ट ओढून घेतली आणि मला म्हणाली, “सांगितलंस ना.” मी हो म्हणाले. मग ती बाबांशेजारी सोफ्यावर जाऊन बसली. बराच वेळ दोघं बंद फ्रीजकडे तोंड करून बसून होती. जाताना ती त्यांना म्हणाली, “भावोजी, मी पण होते तिथे. मी पण नाही उघडली.” बाबा म्हणाले, “तुला उघडू दिली नसती मी.”

त्यानंतरच्या रविवारी मी दुपारी मैत्रिणीकडे गेले होते. परत आले तेव्हा ऊन नुकतंच उतरलं होतं. बाहेरच्या खोलीत बाबा नव्हते. आईच्या खोलीतून गार झोत येत होता.

खिडकी बोटभर नव्हती, पूर्ण उघडी होती. झाड ओट्याच्या एका टोकाला सरकवलेलं. बाबा पलंगावर आईच्या जागी, भिंतीच्या बाजूला, उताणे झोपले होते, गळ्यापर्यंत रजई. मी दारातच थांबले. मग त्यांनी डोळे माझ्याकडे वळवले.

“मला हलता येत नाही,” ते म्हणाले. “हललं की आतली हवा जाते.”

रजईतून एक वायर बाहेर आली होती, उशीपासून दुसरी. फ्रीजमधले दोन्ही सेन्सर. मोजणारी पेटी खुर्चीवर ठेवली होती, पण तिचं तोंड दाराकडे, त्यांना दिसणार नाही असं. मी विचारलं, कधीपासून. दुपारपासून, ते म्हणाले. स्थिर झाल्याशिवाय वाचायचं नसतं.

मी खिडकी लावायला पुढे झाले.

“राहू दे.”

मी म्हणाले, बाबा, आईचं वजन शेवटी किती राहिलं होतं तुम्हाला माहीत आहे. तुमच्या अंगात जेवढी उष्णता तयार होते तेवढी तिच्या होत नव्हती.

“ते धरलंय,” ते म्हणाले. “तिच्यावर दोन रजया असायच्या. मी एकच घेतलीय.”

त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. तोंडातून वाफ येत नव्हती, इतकी काही थंडी नव्हती. वाऱ्याने उशीचा अभ्रा कोपऱ्यात हलत होता आणि त्यांच्या कपाळावरचे केस हलत होते.

“तोंडावर बरं वाटतं,” ते म्हणाले. “श्वास सोपा येतो.”

मला काहीतरी बोलायचं होतं आणि मला जे बोलता येतं तेच मी बोलले. एकच माणूस, एकच संध्याकाळ, तोही धडधाकट, ज्याची छाती चांगली आहे. अशा प्रयोगावरून काही सिद्ध होत नाही.

“सिद्ध नाही करायचं,” बाबा म्हणाले. “आकडा वाच. रजईत चोवीस राहतात का, एवढंच बघायचंय.”

मी आधी ओट्यावरचं थर्मामीटर वाचलं, मग खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसून पेटी वाचली. दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा मला नीट दिसलं नाही. मग त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

खिडकीशी नऊ पूर्णांक दोन. उशीशी अकरा पूर्णांक सहा. रजईच्या आत तेहेतीस पूर्णांक एक.